गळतीवरचं नाव

सुपडू आबांच्या शर्टाच्या खिशात मी पेन कधी पाहिलं नाही. खडू असायचा. शाळेतला नव्हे, लोखंडावर ओढतात तो चपटा दगडी खडू. त्याच्या टोकाने खिसा फाटायचा, घरी आतून ठिगळ लागायचं, पुन्हा फाटायचा. त्या खडूने आबांनी आमच्या कारखान्यात जेवढी माणसं रडवली, तेवढी कुठल्या मालकाला पगार कापूनही रडवता आली नसती. हे मी कौतुकाने सांगत नाही. मला ते कधीच आवडले नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय तेही काही उपकार आठवून नव्हे. विसरता येत नाहीत, म्हणून.

धुळ्याच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. मी तिथे ड्रॉइंग काढतो. आम्ही भांडी बनवतो, म्हणजे स्वयंपाकघरातली नव्हेत. माणूस आत उभा राहील एवढी स्टीलची बंद भांडी. जळगावकडचे आणि गुजरातेतले कारखाने त्यांत रंगाची राळ शिजवतात, औषधांचा कच्चा माल शिजवतात, कोणी साबणाचं तेल तापवतं. एवढ्या भांड्याखाली चूल काही पेटवता येत नाही. म्हणून पाइप लांबीत मधोमध चिरायचा, त्याची पन्हळ करायची, आणि ती पालथी घालून भांड्याच्या पोटाभोवती वरपासून खालपर्यंत करदोड्यासारखी गुंडाळत न्यायची. तिच्या दोन्ही कडा भांड्याला वेल्ड करायच्या. मग त्या पन्हळीतून वाफ नाहीतर तापलेलं तेल फिरतं आणि आतलं शिजतं. या गुंडाळीला आम्ही कॉइल म्हणतो. सांगायला दोन वाक्यांत संपलं, पण करणाऱ्याची कंबर जाते. भांडं रोलरवर हळूहळू फिरत असतं, वेल्डर त्याच्या पोटाशी वाकून बसलेला असतो, आणि ती शिवण काही केल्या संपत नाही. तिच्यात सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी सगळ्या मेहनतीवर पाणी.

पाणी हे अगदी खरोखरचं. कॉइल पूर्ण झाली की तिच्यात पाणी भरायचं, हातपंपाने दाब चढवायचा आणि बघत बसायचं. शिवण कच्ची असेल तिथे थेंब फुटतो. या वेळी कोणी बोलत नसे. आबा भांड्याभोवती फेऱ्या मारत. ठेंगणे, मान खांद्यात रुतलेली, उजव्या अंगठ्याचं नख काळं आणि जाड. पायांत साधी चप्पल, कारण कंपनीने दिलेले सेफ्टी बूट ते लग्नकार्यात घालायला घरी जपून ठेवत. थेंब दिसला की ते थांबत, खिशातून खडू काढत, थेंबाभोवती गोल ओढत आणि शेजारी ती शिवण ज्याने मारली त्याचं नाव लिहीत. चांगल्या हातभर अक्षरांत. शेडच्या दारातून वाचता यावं असं.

हा आबांचा कायदा होता. गळती दुरुस्त झाली तरी नाव पुसायचं नाही. भांडं रंगाला जाईपर्यंत, नाहीतर ट्रेलरवर चढेपर्यंत ते तसंच राहायचं. चहावाला ते वाचायचा, माल आणणारे ड्रायव्हर वाचायचे, गिऱ्हाईक भांडं बघायला आलं तर तेही वाचायचं. आणि शेडमध्ये कोणी ‘कॉइल गळली’ असं म्हणत नसे. ‘आज संजय टपकना’, म्हणजे संजय टपकला, असं म्हणत. तिशी-चाळिशीचे बाप्ये, घरी पोरंबाळं असलेले, त्या एका वाक्याने कानापर्यंत लाल व्हायचे. एक जण तर खरंच रडला. आबा त्याला म्हणाले, “रडानं व्हई ते पंपजोडे रड. पानी तरी कामले यी.”

त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही. शेठकडे कोणाची चुगली केली नाही. शेठ म्हणजे आमचे मालक, राजस्थानातून आलेल्या व्यापारी घराण्यातले, पण मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा साफ बोलणारे. त्यांनी एकदा मोठ्या कंपन्यांसारखे नंबराचे ठसे आणले. प्रत्येक वेल्डरला एक नंबर, त्याच्या शिवणीशेजारी तो ठोकायचा, म्हणजे नावं लिहायची गरज नाही. आबांनी ठसे हातात घेऊन वर-खाली केले आणि विचारलं, “नंबरले लाज र्‍हास का, शेठ?” लाज नसलेले ते ठसे अजूनही स्टोअरमध्ये गंज खात पडले आहेत.

शिंदखेड्याकडचा भिकन आमच्याकडचा सगळ्यात तरबेज वेल्डर. नवीन असताना त्याने एकदा आबांना विनवलं होतं, की गोल ओढा, शिव्या द्या, पण नाव तेवढं नका लिहू. आबा त्या दिवशी कधी नव्हे ते बसून बोलले. “मना पहिले मायनं एक बी पोरगं जगनं नही. मंग माले सूपमा टाकीसन घरमा लयं, म्हनीसन सुपडू. तुले भीक मांगीसन लयेल व्हई, म्हनीसन भिकन. आपलं नाव कोनी हौसथीन ठेयेल नही. ते लाज धरीसन वापरनं पडस.” मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला कुठेतरी ओलावा आहे. तेवढ्यात ते उठले आणि भिकनचं नाव, जे पाण्याने जरा फिकं झालं होतं, पुन्हा गडद करून आले.

त्यांचं दुसरं एक वाक्य सगळ्या शेडला पाठ होतं. “झाकाना पहिले देख.” भांडं पत्र्याच्या तुकड्यांचं जोडलेलं असतं, आणि कॉइल त्या जोडांवरून जाते. एकदा कॉइल वर बसली की खालचा सांधा जन्माचा झाकला गेला. तो कच्चा असेल तर तापलेलं तेल थेट आत, शिजणाऱ्या मालात जाणार. म्हणून झाकायच्या आधी सांध्यावर लाल रंग लावतात, पुसतात आणि वर पांढरी पावडर फवारतात. बारीकशी फट असली तरी आतला लाल रंग पावडरीवर ठिपका होऊन उमटतो. हा ठिपका बघायचं काम आबा कोणाला देत नसत. मला तर नाहीच. “कागदवाला, कागदवर कॉइल कधी टपकत नही,” असं म्हणून ते मला केबिनमध्ये पाठवायचे. सांध्यावर वाकून, नाक लागेल इतकं जवळ जाऊन बघायचे आणि मग म्हणायचे, “घाला.” शेठनीही सांगून ठेवलं होतं की आबांचं ‘घाला’ आलं म्हणजे झालं.

आता भिकनच्या लग्नाची गोष्ट. म्हणजे न झालेल्या लग्नाची.

हल्ली आमच्याकडे मुलीकडचे लोक नुसतं घर-शेत बघून जात नाहीत. मुलगा कंपनीत आहे म्हणतो ना, मग कंपनी दाखवा. पर्मनंट आहे का, साहेब काय म्हणतात, सगळं डोळ्यांनी बघतात. भिकनचं वय सरत चाललं होतं, दोन-तीन ठिकाणी नकार येऊन गेले होते, आणि आता शिरपूरकडचं एक स्थळ जवळजवळ पक्कं झालं होतं. मुलगी त्याला आवडली होती. तो हे कोणाला बोलला नव्हता, पण फोनवर एकटाच हसायचा, ते आम्हाला दिसत होतं. मुलीचे वडील, मामा आणि भाऊ कारखाना बघायला यायचे होते. दुर्दैवाने आदल्याच दिवशी त्याची एक शिवण गळली आणि भांड्यावर भलंमोठं ‘भिकन’ लागलं.

सकाळी तो नवा शर्ट घालून आला. मला म्हणाला, “साहेब, त्याच्यावर ताडपत्री टाकू द्या. दोन तासांचा प्रश्न आहे.” माझी काय हरकत असणार? टाकली. पाहुणे आले, मी चहा दिला, मुलगा निर्व्यसनी आहे, हात चांगला आहे, असं सगळं सांगितलं. ते शेडमध्ये आले. भिकन मशीनशी उभा, अंग चोरून. मुलीचे वडील समाधानाने मान डोलवत होते. आणि आबा आले. त्यांनी पाहुण्यांना वाकून रामराम केला, ताडपत्रीचं टोक धरलं आणि म्हणाले, “झाकाना पहिले देखनं पडस, पाव्हना.”

ताडपत्री खाली पडली. आबांनी त्या गोलावर बोट ठेवलं. “हाऊ तुमना जवाई. हाई त्यानं नाव. आन आठे तो गयस.” म्हणजे इथे तो गळतो. मग जणू मुलगी त्यांच्याच घरची आहे अशा काळजीने म्हणाले, “हात चांगला शे. पन वाकीसन बसनं पडनं का त्याना धीर सुटस. कॉइल म्हंजे बठ्ठं वाकीसनच काम शे.” मुलीचा मामा हसला. भावाने मोबाइल काढून त्या नावाचा फोटो घेतला. भिकन तिथेच उभा होता, नव्या शर्टाच्या बाह्या खाली ओढत.

संध्याकाळच्या आत नकार आला. फोटो कुठकुठल्या ग्रुपवर फिरला देव जाणे, पण त्या बाजूने पुन्हा स्थळ आलं नाही. मी आबांना विचारलं, तुम्हाला काय मिळालं हे करून? ते अगदी शांतपणे म्हणाले, “खोटं काय सांगं मी?” त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्यानंतर भिकनची शिवण कधी गळली नाही. एकदाही नाही. तो वाकून बसला की दगडासारखा बसायचा, जेवणाची घंटा झाली तरी उठायचा नाही. आबा नव्या वेल्डरना तो दाखवायचे. “देखा, आते टपकत नही. मी बनाडा त्याले.” भिकन मागे वळूनही बघायचा नाही. त्याचं लग्न राहिलं ते राहिलंच.

आबा वाईट कामगार असते तर सगळं सोपं झालं असतं. पण तसं नव्हतं. आणि कामापुढे त्यांना माणूस दिसत नव्हता, मग तो कितीही जवळचा असो. हे मी लोटन नानांवरून सांगतो.

लोटन नाना आणि आबा वरणगावकडच्या एका शेडमध्ये एकाच होल्डरवर वेल्डिंग शिकलेले. आमच्याकडे दोघं एकत्रच आले. रोज दुपारी एका फळकुटावर बसून जेवायचे. नानांच्या डब्यात कळण्याची भाकरी, आबांच्या डब्यात भरीत, आणि ठेचा कोणाचा जास्त तिखट यावर भांडण. आबांना ‘ए सुपडा’ अशी हाक मारणारा जगात तो एकच माणूस होता. पुढे नानांची नजर कमी झाली. आयुष्यभर ठिणगीकडे बघणाऱ्याचं हे व्हायचंच. त्यांच्या शिवणी गळायला लागल्या आणि प्रत्येक भांड्यावर ‘लोटन’ दिसायला लागलं. नाना हसून घ्यायचे. म्हणायचे, निवडणुकीला उभं राहायला हरकत नाही, प्रचार झाला.

मग एक दिवस नानांची शिवण गळली आणि आबांनी नुसता गोल ओढला. नाव लिहिलं नाही. खडू खिशात ठेवला.

नानांना आधी आनंदच झाला. “मनं नाव नही लिखं का रे आज? वाचनू मी!” ते सगळ्यांकडे बघून हसले. आबा पंपाच्या काट्याकडे बघत होते. तिथूनच, मान न वळवता, ते म्हणाले, “नाव कामवालानं लिखतस, लोटन. तू घर जाय.”

नाना थोडा वेळ उभे राहिले, सुपडा काहीतरी गंमत करतोय, आता हसेल, अशा आशेने. मग नळावर जाऊन त्यांनी हात धुतले, डबा घेतला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. शेठनी हिशेब घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी आबा त्याच फळकुटावर एकटे बसून जेवले. नेहमीएवढंच जेवले. भिकन समोर बसून ते बघत होता, आणि मला वाटतं तेव्हाच त्याने ते वाक्य उचलून ठेवलं.

आता उरली आबांच्या स्वतःच्या डोळ्यांची गोष्ट.

ते आधी मला कळलं नाही, कोणालाच कळलं नाही. आबा शिवणीवरून अंगठा फिरवायला लागले. आम्हाला वाटलं, नवीन तऱ्हा. थेंब बघायला ते भांडं दाराकडे फिरवून घ्यायला लागले, उन्हात. एकदा त्यांनी गोल ओढला तो थेंबापासून चांगला वीतभर लांब. भिकनने बघितलं, मी बघितलं, कोणी बोललं नाही. मोतीबिंदू असता तर निघाला असता. पण डोळ्याच्या आतला पडदाच खराब झाला होता आणि नाशिकच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, हे मला फार पुढे कळलं. आबांनी ते घरच्यांशिवाय कोणालाही कळू दिलं नाही. का, ते उघड आहे. डोळे गेल्याचं कळलं की घरी जायचं, हा कायदा त्यांनीच केला होता, आणि त्यांना घरी जायचं नव्हतं. रविवारीसुद्धा हा माणूस गेटवर येऊन वॉचमनशी बोलत बसायचा. शेड सोडून त्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

आणि त्याच डोळ्यांनी ते सांध्यावरचा लाल ठिपका बघत होते.

जळगावकडच्या एका रंगाच्या कारखान्याचं भांडं होतं. मोठं काम, त्यांना घाई. सांध्यांची तपासणी झाली त्या दिवशी मी जळगावला त्या गिऱ्हाइकाकडेच गेलो होतो. आबांनी नेहमीप्रमाणे पांढऱ्या पावडरीवर वाकून बघितलं आणि म्हणाले, “घाला.” भिकनने कॉइल घातली आणि शिवली. मग पाणी भरलं, दाब चढवला.

भांडं बाहेरून ठणठणीत कोरडं. एकही थेंब नाही. आबा दोन फेऱ्या मारून आले, अंगठा फिरवत, आणि खूश होऊन म्हणाले, “पास.” पण पंपाचा काटा उतरत होता. पुन्हा दाब चढवला, पुन्हा उतरला. पाणी कुठेतरी जात होतं आणि बाहेर तर दिसत नव्हतं. शेडमधल्या प्रत्येकाला याचा अर्थ ठाऊक होता. आबांनाही. ते म्हणाले, पंप खराब असेल, पंप बदला. पंप बदलला. काटा उतरला.

भिकन वरच्या झाकणाच्या तोंडातून टॉर्च घेऊन आत उतरला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला. स्टीलच्या भांड्यात बोललं की आवाज घुमतो, सगळ्या शेडभर ऐकू जातो. “पानी आठे शे, आबा! सांधा गयी र्‍हायना! आतथीन!”

सांधा झाकायच्या आधी बघितलाच गेला नव्हता. म्हणजे बघितला होता, पण दिसला नव्हता. सांधा कोणीही मारलेला असो, ही गळती वेल्डरची नव्हती. ‘घाला’ म्हणणाऱ्याची होती. आबांनी एक हात भांड्यावर टेकवला. मला त्या वेळी जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ताडपत्री ओढणारा हात होता तो.

भिकनने त्या जागची कॉइल कापली, सांधा खरवडून पक्का केला, वरून नवा तुकडा शिवला. काटा जागचा हलला नाही. भांडं आता ठीक होतं. फक्त कायदा राहिला होता. भिकन आबांसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. “खडू द्या, आबा.”

आबांनी खिशातून खडू काढून दिला. आणि मी कधी पाहिले नव्हते असे ताठ उभे राहिले. “लिख,” म्हणाले. “मोठं लिख.”

भिकन भांड्याकडे गेला. स्टीलवर खडू ओढल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. आबांनीही ऐकला. मग भिकनने खडू त्यांच्या हातात परत ठेवला आणि तो हात धुवायला निघून गेला. त्याने नुसता गोल ओढला होता.

आबांना ते दिसलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस आबा इतके खुशीत होते की बघवत नव्हतं. चहावाल्याला म्हणाले, “मनं बी नाव लागनं. कायदा बठ्ठास्ले सारखा शे.” वॉचमनला सांगितलं. दारावरच्या ड्रायव्हरना सांगितलं. ज्या माणसाने दुसऱ्यांची नावं लिहून त्यांना मान वर करू दिली नाही, तो स्वतःचं नाव लागल्याचं मिरवत फिरत होता. कारण नाव लागलं म्हणजे तो अजून कामवाला होता, घरी जायचं नव्हतं. सगळ्या शेडला दिसत होतं की भांड्यावर नुसता गोल आहे. कोणी सांगितलं नाही. काही जण मागे तोंड फिरवून हसत होते. संजय, ज्याच्या टपकण्याच्या गोष्टी आबा पाहुण्यांना सांगायचे, तो मुद्दाम त्यांना म्हणायचा, “आबा, अक्षर झकास आलंय हां तुमच्या नावाचं.” आबा मान डोलवायचे.

त्यातच शेठनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होतो. शेठ गोड बोलले. “आबा, खूप केलं तुम्ही आमच्यासाठी. आता आराम करा. हे भांडं गेलं की झालं.” आबा म्हणाले, “शेठ, एकच गयती व्हयनी. नाव बी लिखी टाकं. आते आराम कसाना?” शेठनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

ट्रेलर आला त्या दिवशी क्रेन लागेपर्यंत वेळ होता. आबा भांड्याजवळ आले. त्यांनी नव्या तुकड्यावर अंगठा टेकवला, तिथून बाजूला सरकवत नेला. खडूची रेघ अंगठ्याला लागत नाही. त्यांनी मला हाक मारली. “ओ कागदवाला. वाचीसन दखाड माले. कसं लिखं त्यानी? मोठं शे का?”

मी तिथे गेलो. माझ्याकडून खोटं बोलवलं नाही. खोटं बोललो असतो तरी ते कळलं असतंच त्यांना, आज ना उद्या. म्हणालो, “आबा, इथे गोल आहे.”

“आन नाव?”

आबांनी भांड्यावरून दोन्ही तळवे फिरवले, वर, खाली, आंधळ्यासारखे, म्हणजे आंधळेच होते ते आता. “मनं नाव कोठे शे?” त्यांनी विचारलं. मग आवाज चढवून सगळ्या शेडला विचारलं. “मनं नाव कोठे शे?”

आबांनी खिशातून खडू काढला. खिसा अजून थोडा फाटला. चाचपून त्यांनी गोलाची जागा धरली आणि स्वतःच लिहायला लागले. ‘सु’ बरा आला. ‘प’ त्याच्यावरच चढला. ‘डू’ कॉइलच्या उंचवट्यावरून घसरून खाली गेला. पण नाव होतं, वाचता येत होतं. ते तसंच राहावं असं मला वाटून गेलं, आणि त्या माणसासाठी असं वाटावं याचा रागही आला.

भिकन आला. हातात रॉकेलने ओला केलेला कापसाचा बोळा होता. घाई नव्हती त्याला. आबांच्या खांद्याशेजारून हात घालून त्याने ते नाव पुसलं. आधी ‘डू’, मग ‘प’, मग ‘सु’. नंतर गोलही पुसला. स्टील पुन्हा नव्यासारखं चकचकीत झालं. आबांच्या नाकात रॉकेलचा वास गेला असणार, कारण त्यांनी मान त्या बाजूला वळवली.

“कोन शे रे?”

“भिकन. नाव कामवालानं लिखतस, आबा,” तो म्हणाला. आवाजात ना राग, ना हसू. “तुमी घर जा.”

आबांनी खडू पुन्हा खिशात ठेवला. नळावर जाऊन हात धुतले, डबा घेतला. कोणी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलं नाही, मीही नाही. क्रेन लागली, भांडं चढलं, दोर आवळले गेले. भिकन ट्रेलरवर उभा राहून शेवटची गाठ मारत होता.

ट्रेलर गेटबाहेर पडून जळगावच्या रस्त्याला लागला तेव्हा मी दाराशी होतो. आबा अजून गेले नव्हते. रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीशी उभे होते, डबा काखेत, डोळ्यांवर हात आडवा धरून. रस्त्यावरच्या इतर ट्रकांच्या घरघरीत भांडं त्यांच्या समोरून गेलं. टपरीवाला त्यांना काहीतरी म्हणाला. ते हात आडवा धरून तसेच गेटकडे बघत राहिले, ट्रेलर अजून निघायचाच आहे असं समजून.